दुसऱ्या रकान्यातली सही

या प्रकरणात बाईंचा वाटा एवढाच होता, की एका पुस्तकातल्या एक्केचाळीस रानफुलांपुढे साक्षीदार म्हणून त्यांची सही होती आणि त्या एक्केचाळिसांपैकी एकही फूल त्यांनी पाहिलेले नव्हते. बाकी ज्याने जे केले ते त्याचे त्याने सांगावे. दुसऱ्याच्या वाटणीचे उत्तर बाईंनी कधी लिहिले नव्हते आणि कुणाला लिहूही दिले नव्हते.

एकतीस वर्षे भाषा शिकवून निवृत्त झाल्यापासून बाई घरबसल्या एका छापखान्याची मुद्रिते तपासत. छापखान्याचे मालक त्यांचेच जुने विद्यार्थी; पन्नाशी उलटून केस पिकले, तरी बाईंसमोर उभे राहिले की त्यांचे हात आपोआप पाठीमागे बांधले जात. घरी बाईंबरोबर त्यांची धाकटी बहीण राहत असे. ती सात वर्षांनी लहान, विधवा, हसरी आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. खिडकीशी एक टेबल होते, टेबलाशी उंच पाठीची खुर्ची, आणि त्या खुर्चीत बाईंखेरीज कुणी बसायचे नाही हा नियम घरात कुणी केलेला नसूनही पाळला जात होता.

पुस्तक होते ते फुलभटक्यांचे. शहरामागच्या डोंगरांवर चाळीस वर्षे पायपीट करून त्या गृहस्थांनी अकरा पुस्तके लिहिली होती, आणि शहराने त्यांना हे नाव आधी चेष्टेने आणि मग अभिमानाने दिले होते. उतारावरची फुले, पडक्या चुनाभट्ट्या, जुन्या जकातनाक्याची दगडी चौकट, त्या चौकटीखालून गेलेली आणि आता गवताने गिळलेली वाट, हे सारे ते अशा प्रेमाने लिहीत, की डोंगर कधीही न चढलेल्या माणसालाही आपण तिथे काहीतरी विसरून आलो आहोत असे वाटावे. बाई स्वतः डोंगर न चढलेल्यांपैकीच होत्या. त्यांचे गुडघे पन्नाशीतच रुसले होते.

फुलभटक्यांचा एक दंडक होता. दोन माणसांनी प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कोणतेही फूल पुस्तकात जायचे नाही. फूल टिपकागदात दाबून वाळवले, की त्यासोबत एक चिठ्ठी ठेवायची. तिच्यावर फुलाचे नाव, जागा, तारीख आणि खाली दोन रकाने. पहिल्या रकान्यात त्यांची सही, दुसऱ्यात सोबत्याची. मागच्या सगळ्या पुस्तकांत दुसऱ्या रकान्यात त्यांच्या पत्नीची सही असे. सहा वर्षांपूर्वी त्या वारल्या. त्यानंतरचे हे पहिलेच पुस्तक, आणि डोळे अधू होत चालल्यामुळे हे शेवटचे, असे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले होते.

अर्पणपत्रिकेवर एकच ओळ होती: 'रविवारच्या सोबतीस'. बाईंनी ती वाचली, भुवई किंचित उंचावली आणि पान उलटले. विधुर माणसाच्या रविवारांची चौकशी करणे हे मुद्रित तपासणाऱ्याचे काम नव्हे.

परिशिष्टातल्या सह्यांच्या जागा ठशांसाठी अजून कोऱ्याच होत्या; पण दोन तारखा जुळेनात, म्हणून त्यांनी मूळ चिठ्ठ्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी पत्र्याची एक चपटी पेटी घरी आली. दुपारचे जेवण उरकून, हात कोरडे करून, चष्मा पुसून बाईंनी ती उघडली. वाळल्या गवताचा मंद वास खोलीत पसरला. पहिली चिठ्ठी निळी काजळी या फुलाची होती: जागा, तिसरी चुनाभट्टी, पहिल्या रकान्यात फुलभटक्यांची थरथरती सही, आणि दुसऱ्या रकान्यात बाईंची.

त्यांनी दुसरी चिठ्ठी उचलली. मग तिसरी. मग घाई न करता, एकेक उलटून ठेवत, एक्केचाळिसावी.

त्यांना राग आला. भीती वाटायला अजून अवकाश होता. सही हा बाईंच्या आयुष्यातला एकमेव दागिना होता आणि तो त्यांनी कधी गहाण टाकला नव्हता. एका वर्षी शाळातपासणीच्या वेळी मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेतल्या बारा तराजूंच्या यादीवर त्यांची सही मागितली होती. बाईंनी जाऊन मोजले. तराजू सात होते. "बाई, पाच तराजूंनी काय बिघडतं?" असे मुख्याध्यापक हसत म्हणाले, आणि बाईंनी लेखणीचे टोपण लावून ती पिशवीत ठेवली. पर्यवेक्षिकेचे पद त्यानंतर त्यांच्याकडे कधीच आले नाही. त्याबद्दल त्यांना खंत नव्हती, उलट उतारवयात तेवढी एकच गोष्ट त्या स्वतःशी पुन्हा पुन्हा आठवत. आता कुणीतरी ती सही फुलांच्या नादात उधळली होती.

"रविवारी मी कुठे असते?" त्यांनी धाकटीला विचारले.

"हा काय प्रश्न झाला, ताई? परीक्षा घेतेस की काय माझी?"

"उत्तर दे."

"इथे. या खुर्चीत, पुस्तक घेऊन. न्याहारी झाली की बसतेस, ती दिवेलागणीला उठतेस." धाकटी शेंगा सोलत होती, तिने एक दाणा तोंडात टाकला. "एखाद्या रविवारी बाहेर जाऊन बघ ना. घराला जरा मोकळं वाटेल."

बाईंना हायसे वाटले. साक्ष मिळाली होती. म्हणजे सह्या खोट्या होत्या आणि आता फक्त हात कुणाचा एवढेच शोधायचे होते. नमुने छापखान्यात हवे तेवढे होते, कारण तपासलेल्या प्रत्येक फर्म्यावर, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या संचावर, बाई 'छपाईस योग्य' असे लिहून सही करत. मालकांचा हात तसा नव्हता, तो बाईंना पाचवीपासून ठाऊक होता. फुलभटक्यांचा हात थरथरत होता. त्यांनी भिंग काढले आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी एकेक सही तपासायला घेतली.

तीन वर्षांपूर्वी बाई न्हाणीघरात पडल्या होत्या आणि उजवे मनगट मोडले होते. तेव्हापासून त्यांच्या सहीतली शेवटची अक्षरे खाली उतरत. चिठ्ठ्यांवरही, बरोबर त्या वर्षापासून, ती उतरत होती. नक्कल करणारा चतुर असेल तर हेही करील, असे त्यांनी स्वतःला बजावले. मग त्यांना तो ठिपका दिसला.

उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा तपासून झाली, की बाई आपल्या सहीच्या शेवटच्या अक्षराखाली लाल पेन्सिलीने मोहरीएवढासुद्धा नाही असा एक ठिपका ठेवत. हे मी स्वतः पाहिले आहे आणि पुन्हा पाहिले आहे, असा त्याचा अर्थ. ही खूण त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, धाकटीलाही नाही. छपाईच्या फर्म्यांवर त्या ती करतही नसत. चिठ्ठीवरच्या सहीखाली, जिथे असायला हवा तिथेच, तो ठिपका होता.

बाईंनी भिंग खाली ठेवले आणि खिडकी लावून घेतली. बाहेर वारा नव्हता.

बुधवारी त्या काठी घेऊन बसने डोंगराच्या पायथ्याशी गेल्या. धाकटीला त्यांनी दवाखान्याचे निमित्त सांगितले आणि आयुष्यातले एक खोटे विधान स्वतःच्या नावावर जमा केले. डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर एक फाटक होते, फाटकाशी राखणदाराची खोली, खोलीबाहेर स्टुलावर एक जाड नोंदवही दोरीने बांधलेली. राखणदार खुर्चीतून उठला तोच हसत.

"वार चुकलात का, ताई? आज बुधवार आहे."

"आपण मला ओळखता?"

"असा आवाज आहे होय तुमचा!" त्याने गालावर हात ठेवला. "सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. मी बायकोशी पैज लावली होती, मुक्या आहेत म्हणून. हरलो बघा."

बाईंनी काठीवरची पकड घट्ट केली. "मी इथे येते?"

"थट्टा करता काय गरिबाची? फुलांचा हंगाम लागला की दर रविवारी आजोबांबरोबर. पण आज ही काठी कशाला? एरवी तर त्यांना मागे टाकून भराभर वर जाता. मीच त्यांना म्हणतो, आजोबा, दमानं, बाई काही पळून जात नाहीत."

त्यांनी नोंदवही मागितली. सहा हंगामांचे रविवार ओळीने मांडलेले होते. येण्याची वेळ, सही, जाण्याची वेळ. फुलभटक्यांच्या ओळी पूर्ण होत्या. त्यांच्याखाली बाईंच्या ओळी होत्या, येण्याची वेळ टापटिपीने लिहिलेली, सहीखाली ठिपका; पण जाण्याच्या वेळेचा रकाना त्यांच्या ओळींत एकदाही भरलेला नव्हता. बाईंना आधी संताप आला तो या अपुऱ्या नोंदींचा, आणि तो कुणाचा आळस हे ध्यानात येताच संताप जागच्या जागी थिजला.

"हा रकाना कोरा का?"

"तुम्ही उतरताना कधी दिसलाच नाहीत मला," राखणदार सहज म्हणाला. "पलीकडच्या वाटेनं जात असाल, असं आम्ही धरून चाललो."

"पलीकडे वाट आहे?"

त्याने डोंगराकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि त्याचे हसू जरासे सैल झाले. "तसा कडाच आहे तो," तो म्हणाला.

बाई तिसऱ्या चुनाभट्टीपर्यंत चढल्या. दोन तास लागले. हंगाम सरला होता. उतारावर तपकिरी काड्या तेवढ्या उभ्या होत्या आणि कुठल्या काडीवर कोणते फूल होते हे सांगणे फुलभटक्यांनाच शक्य होते. भट्टीच्या तोंडाशी एक सपाट शिळा होती, दोन माणसे बसतील एवढी. पावसाने धुतलेल्या त्या शिळेच्या खोबणीत पेन्सिलीचे लाल साल अडकलेले होते. यंत्रात फिरवून काढलेले नव्हे, पात्याने सोललेले, लांब, अखंड. असे टोक काढणारी बाई शाळेत एकच होती, आणि त्याबद्दल तिची चेष्टाही होत असे. बाईंनी ते साल रुमालात गुंडाळले. पुरावा म्हणून, असे त्या मनाशी म्हणाल्या. पण कुणाविरुद्ध, ते वाक्य पुरे होईना.

घरी आल्यावर त्यांनी धाकटीला समोर बसवले.

"रविवारी मी खुर्चीत बसते. काय बोलते?"

"बोलतेस कुठे?" धाकटी म्हणाली. "तुझं रविवारी मौन असतं ना? हाक मारली तरी वर बघत नाहीस. मी चहा आणून ठेवते, गार झाला की उचलते. पहिल्या पहिल्यांदा रुसलीस असं वाटायचं. मग म्हटलं, आठवड्यातून एक दिवस कुणी माझ्या चुका काढत नाही, तर मी कशाला तक्रार करू?"

"सहा वर्षं?"

"झाली असतील. ताई, चेहरा का असा झालाय? डॉक्टर काय म्हणाले?"

बाई उठल्या आणि त्यांनी फळीवरून रविवारचे पुस्तक काढले. त्यांना आपले रविवार चांगले आठवत होते: खिडकीतला उजेड, मांडीवरचे पुस्तक, पानांचा आवाज. खूण म्हणून घातलेली फीत सेहेचाळिसाव्या पानावर होती. त्या पानावर फितीचा पिवळट चट्टा इतका खोल उमटला होता, की ती तिथून कधी हललीच नसावी. सत्तेचाळिसाव्या पानावर काय आहे हे बाईंना सांगता येईना. त्यांनी ते वाचूनही पाहिले नाही.

गुरुवारी छापखान्याचे मालक शेवटच्या फर्म्याबद्दल विचारायला आले. "बाई, तेवढा एकच यंत्रावर चढायचा राहिलाय. काही चुकलंय का? थांबवू का मी?"

थांबवा म्हटले असते, तर कारण द्यावे लागले असते. सह्या खोट्या ठरल्या, तर एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाचे चाळीस वर्षांचे नाव मातीत जाणार होते. खऱ्या ठरल्या, तर बाई ज्या सहीवर आजवर उभ्या होत्या ती करणारी बाई कोण, हा प्रश्न उरत होता, आणि त्याला परिशिष्टात जागा नव्हती.

"रविवारी सकाळी त्यांना घेऊन इथे या," त्या शेवटी म्हणाल्या. "रविवारीच."

त्यामागे हिशेब होता. रविवारी आपण इथे बोलत असू, ते इथे ऐकत असतील, धाकटी दोघांना पाहत असेल. मग डोंगरावर कुणी उरणार नाही. शुक्रवारी त्यांनी जुनी लाल पेन्सिल कपाटात ठेवून कुलूप लावले, एक नवी आणवली आणि तिला मुद्दाम टोक काढले नाही. शनिवारी चिठ्ठ्या पुन्हा एकदा भिंगाखालून घातल्या, आणि तेव्हा जे आधी रागाच्या भरात निसटले होते ते सापडले: अडतीस सह्यांखाली ठिपका होता, उरलेल्या तीन सह्यांखाली नव्हता.

रविवारी फुलभटके मालकांच्या दंडाला धरून आले. उंच, वाळलेले, डोळ्यांवर जाड भिंगे. बाई त्यांना याआधी छापखान्यात दोनदाच भेटल्या होत्या, पण ते ओळखीच्या घरात यावे तसे सरळ खुर्चीकडे वळून म्हणाले, "आज तुमच्या अंगणात, बाई. बरं वाटलं."

"मी तुमच्याबरोबर डोंगरावर येते, असं तुमचं म्हणणं आहे."

"म्हणणं?" ते गोंधळले. "ती गेल्यावरच्या पहिल्या हंगामात मी एकटा निघालो, तर तुम्ही शिळेवर बसलेल्या होतात. दुसऱ्या रविवारी फाटकाशीच भेटलात. मी काही विचारलं नाही. न बोलावता कुणी सोबतीला आलं, तर का आलात असं विचारू नये."

"मी सोबतीला येते, हे मलाही कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. धाकटीला हसू आले आणि तिने ते पदराआड दाबले.

बाईंनी तीन चिठ्ठ्या निवडून टेबलावर ठेवल्या. "पांढरी घंटी, दगडफुली, सातपाकळी. या तिन्ही ठिकाणी आपण गेलो होतो?"

मालक पाठीमागे बांधलेले हात चाचपत उभे राहिले.

"गेलो होतो," फुलभटके म्हणाले. "फुलं नव्हती. ती तिची होती, बाई. आमची ओळख होण्याआधी, मुलगी असताना पाहिलेली. नंतर कधीच उगवली नाहीत. ती शेवटपर्यंत म्हणायची, माझी तीन राहिली. मी चिठ्ठ्या घरूनच लिहून नेल्या. आणि तुमच्यापुढे धरल्या." त्यांनी भिंगे काढून डोळे पुसले. "तुम्ही खूप वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग सही केलीत. मला वाटलं, दया आली तुम्हाला."

बाईंना मुख्याध्यापकांची खोली आठवली, हसरा चेहरा आठवला, टोपणाचा आवाज आठवला. पाच तराजूंसाठी जी सही त्यांनी दिली नव्हती, ती तीन फुलांसाठी कुणीतरी त्यांच्या हाताने देऊन टाकली होती, आणि देताना ठिपका तेवढा राखून ठेवला होता. इतके दिवस त्यांना संशय होता तो कुणीतरी आपल्यासारखे आहे याचा. ती आपल्याहून मऊ आहे, हे त्यांनी धरलेच नव्हते. आणि ते त्यांना कड्याच्या वाटेपेक्षाही जास्त लागले.

"कागद घ्या," त्या मालकांना म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच घेतला.

ठरले ते असे. तीन फुले परिशिष्टातून काढायची. ती लेखकाच्या पत्नीने पाहिली होती, एवढे प्रस्तावनेत तिच्या नावे लिहायचे. अडतीस फुले दोन्ही रकान्यांसह राहतील. अर्पणपत्रिका आहे तशीच राहील. शेवटचा फर्मा सोमवारी यंत्रावर चढेल. फुलभटक्यांना हे वाचून दाखवल्यावर त्यांनी मान्य केले. मालकांनी मान्य केले. धाकटी म्हणाली, "माझं काय, मला सगळंच मान्य असतं," आणि तिचीही सही घेण्यात आली.

सगळ्यांत आधी सही बाईंनी केली होती. ठिपका त्यांनी ठेवला नाही. ज्या फुलांच्या बाजूने हा कागद बोलत होता, त्यांतले एकही त्यांनी पाहिलेले नव्हते. टोक न काढलेली नवी लाल पेन्सिल त्यांच्या डाव्या मुठीत होती आणि कागद टेबलाभोवती फिरत असताना त्यांनी ती मूठ एकदाही उघडली नाही.

कागद फिरून त्यांच्यासमोर आला. धाकटीने चहाचा कप नेहमीच्या जागी ठेवला. मालक अदबीने वाकले आणि बाईंच्या सहीच्या शेवटच्या अक्षराखाली बोट ठेवून म्हणाले, "बाई, हे इथे लाल काय आहे? छापायचं का तेही?"